मारियात्स्की चर्च, क्राकूव : दोन जावा, एक व्हिसा आणि अकरा पन्नासची वेळ

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई पोलंडच्या व्हिसाचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा घरात एकच प्रश्न होता, "पोलंडच का?" परत आल्यावर तीच मंडळी "कसं काय जमवलंत?" असं विचारू लागली. दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवते.

पोलंड हे नाव आम्हा कोल्हापूरकरांना नवं नाही. सोव्हिएत श्रमछावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बायका आणि मुलंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात आमच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. नंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. सासूबाई त्या लोकांबद्दल सांगायच्या. हे झालं जाऊबाईंचं कारण. माझं कारण वेगळं होतं. माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवर लाकडात कोरलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाताचा फोटो पाहिला होता. शिरा फुगलेल्या, बोटांची पेरं सुजलेली. खाली लिहिलं होतं : क्राकूव, सेंट मेरी चर्च (पोलिश लोकांचं मारियात्स्की). तो हात प्रत्यक्ष बघायचा, एवढाच माझा हट्ट.

आधी कागदपत्रांचं. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, असला तरी ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. आमच्या सगळ्या रात्री पोलंडमध्ये होत्या, त्यामुळे तो गोंधळ नव्हता. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी तो पोचायला हवा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा, दोन कोरी पानं असलेला. ३०,००० युरोचा प्रवास विमा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. फी जून २०२४ पासून ९० युरो झाली आहे. आम्ही भरली तेव्हा ती माणशी नऊ हजारांच्या आसपास गेली आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

जाऊबाई बँकेतून निवृत्त झालेल्या. खात्याच्या उताऱ्याच्या प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय त्या जागच्या हलल्या नाहीत. शाखेतला मुलगा म्हणाला, "मॅडम, शेवटच्या पानावर पुरतो." त्या म्हणाल्या, "तुझ्या बँकेला पुरतो, त्यांना पुरेल का?" पेन्शनचा आदेश, आयकर विवरणपत्रं, मुदत ठेवीचे दाखले, आणि कुठल्या दिवशी कुठे असणार याचा साधा तक्ता, हे सगळं क्रमाने लावून फाइल केली. निवृत्त बायकांच्या अर्जात नोकरीचं पत्र नसतं, त्यामुळे परत का येणार हे कागदांवरून दिसायला हवं. आम्ही अर्जासोबतच्या पत्रात सरळ लिहिलं की घर, पेन्शन आणि नातवंडं इथे आहेत. हॉटेल फुकट रद्द करता येईल असंच घेतलं.

खरी कटकट भेटीची वेळ मिळवण्याची. संकेतस्थळावर रोज 'वेळ उपलब्ध नाही' दिसायचं. शेवटी एका पहाटे मार्चच्या मधल्या आठवड्यातली मुंबईची वेळ मिळाली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, दादरला उतरून एका भाचीकडे आंघोळ, आणि केंद्रावर हजर. तिथे वाद झाला तो बोटांच्या ठशांवरून. आमच्या वयाच्या, आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसत नाहीत. जाऊबाईंचा अंगठा पुन्हा पुन्हा ठेवावा लागला. तिथल्या मुलीने ओला टिश्यू दिला आणि जमलं. म्हणून सांगते, आदल्या आठवड्यापासून हाताला खोबरेल लावा आणि त्या दिवशी मात्र हात कोरडे, स्वच्छ ठेवा.

निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण नियमाप्रमाणे पंचेचाळीसपर्यंत ताणता येतो. ही वाट बघणं वाईट. मोबाइल वाजला की छातीत धस्स व्हायचं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाकिटं आली. उघडल्यावर आनंद करण्याआधी नाव, तारखा आणि किती दिवसांची परवानगी आहे हे तपासा. आम्हाला मागितलेल्यापेक्षा थोडेच दिवस जास्त मिळाले होते. (आम्ही गेल्यानंतर, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, युरोपच्या सीमेवरही ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे.)

मे महिन्याच्या मध्यावर निघालो. महिन्याच्या सुरुवातीला, १ आणि ३ मे रोजी, तिकडे सुट्ट्या असतात, ते दिवस मुद्दाम टाळले. वॉर्सा ते क्राकूव जलद गाडीने सुमारे अडीच तास. तिकीट आधी काढलं की बरंच स्वस्त पडतं. क्राकूवच्या ट्राममध्ये कागदी तिकीट घेतलं तर चढल्याबरोबर छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. खाण्याची चिंता होती, पण बटाटा आणि ताज्या चीजचं सारण भरलेले पिएरोगी सगळीकडे मिळतात. वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, तेवढे नको म्हणून आधीच सांगायचं.

आता चर्च. मोठ्या बाजारचौकाच्या कोपऱ्यात ते तिरकं उभं आहे. चौकाची आखणी १२५७ साली झाली, चर्चची जागा त्याच्या आधीची. म्हणून बाकी सगळं काटकोनात आणि हे एकटं वाकडं. लाल विटांचं बांधकाम, समोर दोन मनोरे, एकाची उंची दुसऱ्याशी जुळत नाही. उंच मनोरा ८० मीटरच्या वर आहे आणि त्याच्या टोकावर १६६६ साली बसवलेला सोन्याचा मुलामा दिलेला मुकुट आहे. दोन भावांनी पैजेने मनोरे बांधले आणि एकाने दुसऱ्याला भोसकलं, अशी दंतकथा सांगतात. तो सुरा म्हणून एक सुरा समोरच्या कापडबाजाराच्या कमानीत टांगलेलाही आहे.

महत्त्वाची गोष्ट ही की हे राजाचं चर्च नाही. राजाचं कॅथेड्रल वावेल टेकडीवर. हे खाली, बाजारातल्या लोकांचं, त्यांच्या धर्मग्रामाचं, म्हणजे त्या वस्तीतल्या भाविकांचं. व्यापारी, सोनार, नगरपालिकेचे लोक इथे यायचे, पैसेही त्यांनीच घातले. वेदी जिथे आहे तो चर्चचा भाग चौदाव्या शतकात विएझिनेक नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याच्या देणगीतून उभा राहिला. अंबाबाईच्या देवळातल्या ओवऱ्या कुणी कुणी बांधल्या याचे शिलालेख आपण वाचतो, तशी इथल्या प्रत्येक बाजूच्या कोनाड्याला कुणा ना कुणा घराण्याची सावली आहे.

तिकीट चर्चमध्ये मिळत नाही, हे बाहेर रांगेत उभं राहिल्यावर कळलेले बरेच लोक आम्ही पाहिले. चर्चच्या दक्षिण अंगाला एक छोटा चौक आहे, तिथल्या कचेरीत तिकीट घ्यायचं. आम्हाला माणशी वीस झ्लॉटीच्या आत पडलं. प्रार्थनेला येणाऱ्यांसाठी समोरचं मोठं दार, पर्यटकांसाठी बाजूचं. त्या बाजूच्या दारापाशी भिंतीत एक लोखंडी कडं आहे. पूर्वी पापी ठरलेल्या माणसाच्या गळ्यात ते अडकवून त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर उभं करत. जाऊबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. काय विचार करत होत्या, मी विचारलं नाही.

पर्यटकांना सोमवार ते शनिवार साडेअकरापासून आत सोडतात, रविवारी दुपारी दोननंतर. आणि वेदीचे, म्हणजे समोरच्या त्या भल्या मोठ्या लाकडी कोरीवकामाचे, दारांसारखे मिटणारे दोन्ही बाजूंचे पंख अकरा पन्नासला उघडतात. लक्षात ठेवा ती हीच वेळ. बहुतेक जण पावणेबाराला धावत येतात आणि उघडलेली वेदी बघून जातात. आम्ही अकरालाच तिकीट काढून दाराशी उभ्या होतो, त्यामुळे बंद वेदी पंधरा-वीस मिनिटं निवांत बघायला मिळाली. ती बघितल्याशिवाय उघडण्यात काय आहे ते कळत नाही. बंद असताना बारा चौकटी दिसतात : येशूची आई मरिया हिचा जन्म, तिला लहानपणी मंदिरात नेणं, बाळ येशूला अर्पण करणं, पुढे त्याची अटक, क्रूस, दफन. सगळं उठाव कमी ठेवून कोरलेलं. गोष्ट पुढे पुढे जाते, डोळे चौकटीतून चौकटीत फिरतात.

मग एक सिस्टर आल्या. हातात लांब काठी. कुठलीही घोषणा नाही. त्यांनी एक पंख ओढला, मग दुसरा. आणि आतून एकदम सोनं, निळा रंग आणि माणसं. पावणेतीन मीटरपर्यंत उंचीची माणसं! संपूर्ण वेदी सुमारे १३ मीटर उंच आणि ११ मीटर रुंद आहे. सांगाडा ओकचा, मूर्ती लिंडेनच्या लाकडाच्या. मागे कुणीतरी मोठ्याने श्वास घेतला, तो बहुधा मीच घेतला असेन.

मधोमध मरियेचा अंतकाळ आहे. इतर बऱ्याच चित्रांत ती पलंगावर निजलेली असते. इथे ती गुडघ्यांवर आहे आणि तिथेच तिचा तोल जातो आहे. मागून एका धिप्पाड प्रेषिताने, म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाने, तिला धरलंय. तिचे हात सैल, खाली लोंबणारे. बाकीचे प्रेषित भोवती : एक वर बघतोय, एक हात पिळतोय, एकाला काहीच सुचत नाहीये. पंखांच्या आतल्या बाजूला आनंदाचे प्रसंग आहेत : देवदूताचा निरोप, येशूचा जन्म, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचं येणं, पुनरुत्थान, स्वर्गारोहण, पवित्र आत्म्याचं अवतरण. पण नजर परत मध्येच येते.

आणि ते हात. माझ्या कॅलेंडरमधला नेमका कुठला हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही, कारण तिथे तसे बरेच आहेत. सुजलेली पेरं, फुगलेल्या शिरा, सुरकुतलेले गळे. १९३३ साली क्राकूवच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने या मूर्तींच्या चेहऱ्यांवर कुठकुठले रोग दिसतात याचा अभ्यास केला होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. कारागिराने नमुन्याला बाजारातली माणसं घेतली असणार. बाराच्या बारा जण कष्ट केलेले म्हातारे दिसतात.

या कारागिराचं नाव पोलिश लोक वीत स्त्वोश म्हणतात, जर्मन लोक फाइट श्टॉस. दोघांनाही तो आपला वाटतो. तो जन्मला जर्मनीत, १४७७ मध्ये न्यूरेंबर्ग सोडून क्राकूवला आला आणि बारा वर्षं, १४८९ पर्यंत, ही वेदी घडवत राहिला. खर्च २८०८ फ्लोरिन, म्हणजे तेव्हाच्या शहराच्या एका वर्षाच्या उत्पन्नाच्या तोडीचा, असं सांगतात. १४९६ मध्ये तो न्यूरेंबर्गला परतला. तिथे पैशांच्या व्यवहारात फसवला गेला, आपले पैसे काढायला त्याने खोटा दस्त केला, आणि १५०३ मध्ये शिक्षा म्हणून त्याच्या दोन्ही गालांवर तापलेल्या लोखंडाने डाग दिले. तरीही तो १५३३ पर्यंत जगला आणि काम करत राहिला.

दुर्बीण न्याच. ज्येष्ठांसाठी खासकरून सांगते, कारण मूर्ती मोठ्या असल्या तरी पर्यटकांना वेदीच्या अगदी जवळ जाता येत नाही. नातवाची पक्षी बघायची छोटी दुर्बीण आमच्याकडे होती. आमचं बघून शेजारच्या एका पोलिश आजींनी खुणेने मागितली आणि बराच वेळ परत दिली नाही. दुसरं, सव्वाबारानंतर गर्दी ओसरते. तेव्हा बाजूच्या लाकडी बाकांवर जागा मिळते. बसून बघा. फ्लॅश चालत नाही. खांदे झाकलेले हवेत, आम्ही साड्यांमध्ये असल्याने तो प्रश्नच नव्हता.

बसल्या बसल्या छताकडे लक्ष गेलं. टोकदार कमानींमध्ये गडद निळं आकाश आणि सोनेरी चांदण्या. भिंती वेलबुट्टीने आणि देवदूतांनी भरलेल्या. हे काही मध्ययुगातलं नव्हे. यान मातेयको या चित्रकाराने १८८९ ते १८९१ मध्ये ही रंगसजावट केली. हाताखाली विस्प्यान्स्की आणि मेहॉफर हे दोन तरुण विद्यार्थी होते, पुढे दोघंही पोलंडचे मोठे चित्रकार झाले. माझं मत विचाराल तर सजावट थोडी जास्त झाली आहे, वेदीला श्वास घ्यायला जागा कमी पडते. जाऊबाईंना मात्र छतच सगळ्यात आवडलं. वेदीमागच्या तीन उंच खिडक्यांतल्या रंगीत काचा खऱ्या जुन्या, चौदाव्या शतकातल्या आहेत. त्यांच्यासाठी दुर्बीण पुन्हा काढा.

उजव्या बाजूच्या दालनात स्त्वोशचंच आणखी एक काम आहे. अखंड वालुकाश्मातला क्रुसावरचा येशू, साधारण १४९१ चा, टांकसाळीच्या एका अधिकाऱ्याने करवून घेतलेला. तिथे कुणीच थांबत नव्हतं. मागची पार्श्वभूमी चांदीच्या पत्र्याची, तिच्यात जेरुसलेम शहर. दगडात बरगड्या आणि पोट असं कोरलंय की मी तिथे रेखाटनाची वही काढली. कुणी हटकलं नाही.

वेदी युद्धात काय काय भोगून आली हे आम्हाला एका वाटाड्याने दुसऱ्या गटाला सांगताना ऐकायला मिळालं, पुढचं नंतर वाचलं. १९३९ मध्ये युद्ध दारात आल्यावर क्राकूवकरांनी वेदी सुटी केली, मोठ्या मूर्ती पेट्यांत घालून विस्तुला नदीतून सांदोमिएझला पाठवल्या. नाझींनी त्या शोधून काढल्या आणि जर्मनीला नेल्या, शेवटी न्यूरेंबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात ठेवल्या. म्हणजे स्त्वोशच्याच गावात. १९४६ मध्ये त्या परत आल्या, पण चर्चमध्ये पुन्हा उभ्या राहायला १९५७ उजाडलं. अलीकडे २०१५ ते २०२१ या काळात सगळी वेदी पुन्हा साफ आणि दुरुस्त केली, म्हणून आज रंग इतके ताजे दिसतात. वळिवड्याच्या छावणीत जी मुलं वाढली, त्यांच्या लहानपणी ही वेदी तळघरात आणि पेट्यांत होती, हे गणित जाऊबाईंनी तिथल्या तिथे केलं.

दुसऱ्या दिवशी मनोरा. त्याचं तिकीट वेगळं, गट छोटे, वेळ ठरलेली आणि हिवाळ्यात बंद. पायऱ्या अडीचशेच्या आसपास, सुरुवातीच्या दगडी आणि इतक्या अरुंद की जाऊबाईंनी खालूनच नमस्कार केला. गुडघे दुखत असतील तर खरंच चढू नका. वर अग्निशमन दलाचे जवान पाळीने राहतात आणि दर तासाला चारही दिशांना तुतारीवर 'हेयनाऊ' वाजवतात. धून मध्येच तुटते. शत्रू दिसल्याचा इशारा देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात तातारांचा बाण लागला, अशी गोष्ट सांगतात. दुपारी बाराची धून १९२७ पासून पोलिश रेडिओवरून ऐकवतात. ती ऐकायची असेल तर चर्चमध्ये वेदी उघडताना बघायच्या दिवशी जुळवायला जाऊ नका, दोन्ही जवळजवळ एकाच वेळी होतं. एकची धून ऐका, तीच असते.

रविवारी सकाळी जाऊबाई म्हणाल्या, "काल दाराबाहेरून लोक नुसते आत जाताना बघितले, आज आपणही मोठ्या दाराने जाऊ." मला संकोच होता. आम्ही ख्रिस्ती नाही, भाषा येत नाही. पण समोरच्या दारातल्या माणसाने फक्त "मिस्सा?" (म्हणजे प्रार्थनेला?) एवढंच विचारलं, आम्ही मान डोलावली. आदल्या दिवशी जिथे दोरी लावलेली होती तिथे आता घरची माणसं बसलेली. रडणारं बाळ घेऊन एक बाप मागे फेऱ्या मारत होता. पापकबुलीच्या लाकडी खोल्यांपुढे रांग. पुढे वेदी उघडीच, शनिवारी संध्याकाळी ती रविवारसाठी तशीच ठेवतात. सगळे उठले की आम्ही उठायचो, बसले की बसायचो. एका वेळी शेजारचे सगळे एकमेकांकडे वळून मान झुकवू लागले, पुढच्या बाकावरच्या बाईने आम्हालाही झुकवली. जाऊबाईंनी हात जोडले.

मिस्सेला येणाऱ्याला तिकीट नसतं. पण मग शेवटपर्यंत बसायचं, वेदीजवळ फिरायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. प्रसाद घ्यायला पुढे जायचं नाही, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. आपण जागेवर थांबलो तर कुणी वळून बघत नाही. आणि मध्येच झोळी फिरते, तेव्हा सुटी नाणी जवळ असू द्या. आमच्याकडे पन्नासची नोट होती, ती जाऊबाईंनी टाकली आणि संध्याकाळपर्यंत हिशेबाच्या वहीत कुठल्या खात्याला लिहायची यावर विचार करत बसल्या.